अँथनी गोन्साल्विस : रागाला वाद्यवृंदात नेणारा माणूस

श्रोतेहो, वसई तालुका तसा काही फार मोठा नाही. पण एवढ्याशा मुलखात गाण्याच्या दोन अगदी निराळ्या रीती शेजारी-शेजारी नांदतात. तालुक्याच्या पूर्वेला चांदीप, पारोळ, मांडवी या बाजूला गेलात, तर रात्री भजनी मंडळ बसलेले असते. पेटी, मृदंग आणि टाळ घेऊन बुवा एक ओळ म्हणतात आणि मंडळी तीच ओळ त्याच चालीत उचलून धरतात. दहा जण असोत की पन्नास, चाल एकच. आता पश्चिमेला समुद्राच्या अंगाला जा. तिथल्या ख्रिस्ती वाड्यांतल्या चर्चमध्ये मोठ्या सणाला गायकवृंद उभा राहतो. तिथे कधी कधी असे ऐकू येते की बायका वरच्या सुरात एक चाल म्हणत आहेत, पुरुष खालच्या सुरात दुसरीच, आणि तरीही कानाला ते सारे एकच गाणे वाटते.

आता पाहा, यातली कुठली रीत चांगली, असा प्रश्न आपल्याला विचारायचा नाही. दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत. आज प्रश्न असा आहे, की या दोन रीती एका गाण्यात आणता येतील का? आणि त्या आणताना दोहोंपैकी एकीचाही जीव जाऊ नये, हे कसे साधायचे? या प्रश्नासाठी ज्याने आपली उमेदीची वर्षे खर्ची घातली, अशा एका माणसाची ही हकिगत आहे. त्यांचे नाव अँथनी गोन्साल्विस. नाव ऐकल्याबरोबर पुष्कळांच्या ओठांवर हसू येईल, कारण हे नाव एका हिंदी चित्रपटातल्या गाण्यामुळे घरोघर झालेले आहे. पण त्या नावाचा खराखुरा माणूस होऊन गेला, आणि तो मोठा संगीतकार होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी त्या दोन रीतींतला फरक नीट समजून घेऊ. आपल्या संगीतात सूर एकापाठोपाठ एक येतात, बांधावरून माणसे एकामागून एक चालावीत तसे. चालणाऱ्याची लकब, त्याचे थांबणे, वळणे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, यातच सारी गोडी. युरोपच्या संगीतात तेही आहेच. पण त्याखेरीज तिथे तीन-तीन, चार-चार सूर एकाच वेळी वाजतात. भाताच्या लावणीला आठ-दहा जण एका ओळीत उभे राहतात. प्रत्येकाची पात वेगळी, पण सरकायचे सगळ्यांनी मिळून. तसेच हे. या एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीला आपण स्वरमेळ म्हणू. मोठा वाद्यवृंद म्हणजे अशा पाती धरून चालणाऱ्या साठ, ऐंशी, शंभर वादकांचा मेळा. त्यात व्हायोलिने असतात, चेलो असतात, बासऱ्या, क्लॅरिनेट, तुताऱ्या आणि नगारेही असतात. प्रत्येकापुढे कागद असतो आणि प्रत्येकाच्या कागदावर वेगळे लिहिलेले असते.

स्वरमेळाची ही विद्या आपल्या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगिजांबरोबर. वसई १५३४ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयाची खूण म्हणून वसईच्या चर्चमधल्या मोठाल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला आहे. पोर्तुगालची घंटा महादेवापुढे वाजू लागली. पण नीट ध्यानात घ्या, घंटा एका जागेवरून काढून दुसरीकडे टांगणे सोपे असते. एका संगीताचा जीव दुसऱ्यात ओतणे हे काम त्याहून फार अवघड.

गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. तिथे जवळजवळ प्रत्येक चर्चच्या आश्रयाने एक शाळा चाले. त्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर सूरओळखही करून देत. शिकवणाऱ्याला ‘मेस्त्री’ म्हणत. आधी पाच रेघांची स्वरलिपी वाचायला शिकायचे, सूर तोंडाने म्हणायचे, मग हातात व्हायोलिन. आपल्याकडे मुलगा ‘कमळ’ वाचतो तसा तिथला मुलगा गाणे वाचू शके. दर्यावर्दी आणि शेतकऱ्यांच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या वादक तयार झाले, ते या शाळांमुळे.

अशाच एका गावात, सालसेत तालुक्यातल्या समुद्रकाठच्या माजोर्ड्याला, १९२७ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. म्हणजे संगीत घरातच होते. लहानपणीच मुलगा इतका तयार झाला, की तो इतरांना शिकवू लागला. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने मुंबई गाठली.

त्या काळी मुंबईत आलेला गोवेकर आपल्या गावच्या ‘कुडी’त उतरे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली खोली. पेटी ठेवायला जागा, पथारी पसरायला जागा आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. धोबीतलावाच्या आसपास अशा कुडी पुष्कळ होत्या. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वादक तिथे राहत. वादकांना काम मिळे ते हॉटेलांतल्या बँडमध्ये, लग्नकार्यात आणि चित्रपटांत. तरुण गोन्साल्विस यांना संगीतकार नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवायचे काम मिळाले, आणि तिथून त्यांची चित्रपटसृष्टीतली वाटचाल सुरू झाली.

आता चित्रपटाचे गाणे त्या वेळी कसे तयार होई, हे शिक्षक मंडळींनी तर अवश्य समजून घ्यावे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती चाल म्हणजे घराचा आराखडा. पण गाणे सुरू होण्याआधी काय वाजायचे, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय, गायिकेच्या आवाजाखाली व्हायोलिनांनी काय धरायचे, बासरीने कुठे उत्तर द्यायचे, हे सगळे कुणीतरी ठरवून लिहून काढावे लागे. हे काम करणाऱ्याला ‘अरेंजर’ म्हणत. आपण संगीत-संयोजक म्हणू. तेव्हा आजच्यासारखे एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडायची सोय नव्हती. गायक, वादक सगळे एकाच वेळी एका दालनात. पन्नासातला एक जण चुकला की गाणे पुन्हा पहिल्यापासून!

कानावर विसंबून चार-पाच वादक एकत्र वाजवू शकतात. पण वीस-तीस व्हायोलिनांनी दोन-तीन निराळ्या चाली एकदम वाजवायच्या, तर लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि लिहिलेले वाचणारे तयार हात गोव्याच्या त्या चर्चच्या शाळांतून येत होते. म्हणूनच एका काळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकर मंडळींचा एवढा भरणा होता. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, अशी कितीतरी नावे सांगता येतील. अँथनी गोन्साल्विस हे त्याच मालिकेतले. व्हायोलिनवादक म्हणून आणि संयोजक म्हणून त्यांनी त्या काळच्या आघाडीच्या संगीत दिग्दर्शकांबरोबर काम केले. ‘महल’ (१९४९) आणि ‘नया दौर’ (१९५७) यांसारख्या चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पण चित्रपटाच्या पडद्यावर आणि तबकडीवर नाव येई ते संगीत दिग्दर्शकाचे, गीतकाराचे, गायकाचे. ज्याने घर बांधले त्या गवंड्याचे नाव दारावरच्या पाटीवर कोण लिहितो?

इथवरची हकिगत पुष्कळ गोवेकर वादकांची आहे. गोन्साल्विस यांचे वेगळेपण इथून पुढे सुरू होते. चित्रपटासाठी काम करताना ते आपल्या रागसंगीताच्या प्रेमात पडले. नुसते प्रेमात पडून ते थांबले नाहीत. ते शिकायला बसले. सारंगीचे थोर वादक पंडित रामनारायण यांच्यासारख्या जाणकारांकडून त्यांनी आपल्या संगीताचे धडे घेतले. पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणापासून हाडीमाशी खिळलेला, पोटापाण्याचा चांगला उद्योग असलेला वादक पुन्हा विद्यार्थी होऊन रागाचे आरोह-अवरोह घोकू लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन भाषांत कविता करायची असेल तर दोन्ही भाषांचे व्याकरण आले पाहिजे. एकीत पंडित आणि दुसरीत पाहुणा, असे चालत नाही.

मग त्यांच्या मनाने घेतले, की चित्रपटाच्या गाण्यातल्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या जागा भरून आता भागणार नाही. रागावर आधारलेल्या स्वतंत्र, विस्तृत रचना करायच्या आणि त्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायच्या. ‘सोनातिना इंडियाना’ आणि सारंग रागातला कॉन्चेर्तो या त्यांच्या रचना याच ध्यासातून निघाल्या. कॉन्चेर्तो म्हणजे काय, तर एक मुख्य वादक आणि बाकी सारा वाद्यवृंद यांच्यातला संवाद. बुवा आणि टाळकरी यांच्यात चालतो तसाच म्हणा ना.

हे काम किती नाजूक आहे हे कळायला मोठमोठे ग्रंथ नकोत, शाळेतली पेटी पुरे. गुरुजी, पेटीवर पांढरी एक हा सा धरा आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. किती भरदार, किती स्वस्थ आवाज येतो! युरोपच्या स्वरमेळाचे हे जणू घर. गाणे तिथून निघते आणि तिथेच परत येते. आता सारंग राग घ्या. दुपारच्या वेळी गायचा हा राग. त्यातला आपल्याला सर्वांत परिचित तो वृंदावनी सारंग. चढताना सा रे म प नी सा, उतरताना कोमल निषाद घेऊन सा नी प म रे सा. यात गंधार आहे का? नाही. धैवतही नाही. ग आणि ध हे दोन्ही या रागाला वर्ज्य.

झाली की पंचाईत! सारंगातली चाल व्हायोलिनवर चालली आहे, आणि खाली कुणी सवयीने सा-ग-प हा मेळ धरला, तर त्यातल्या गंधाराबरोबर सारंग संपला. उन्हाची ती रखरख, ती मोकळीक क्षणात नाहीशी होते. मग रचनाकाराने करायचे काय? त्याने स्वरमेळ बाहेरून आणायचा नाही, रागाच्या पोटातून काढायचा. पेटीवर प, नी, रे हे तीन सूर एकदम दाबून पाहा. हे तिन्ही सूर सारंगाचेच, आणि मेळ मात्र पूर्ण जमतो. कोमल निषाद, रे आणि म हे एकत्र दाबा, तोही जमतो. म्हणजे रागाच्या अंगणात स्वरमेळाला जागा आहे. फक्त घरमालकाला विचारून पाऊल टाकावे लागते. प्रत्येक रागाचे अंगण निराळे, त्यामुळे हा शोध दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

दुसरी अडचण मींडेची. आपला गायक एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट सोडत नाही, ती अंगाखालून घालतो. पेटीला हे साधत नाही, कारण तिच्या पट्ट्या ठाम. म्हणून तर आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षे पेटीला दार बंद ठेवले होते. व्हायोलिनला मींड साधते. पण वीस व्हायोलिनांनी एकच मींड एकाच वेगाने, एकाच वळणाने घ्यायची म्हणजे कठीण काम. स्वरलिपीत घसरण्याची खूण काढता येते, घसरण्यातली अदब कशी काढणार? ती वादकाच्या कानात असावी लागते. तेव्हा रचनाकाराला नुसते लिहून चालत नाही; वादकांना बसवून, गाऊन दाखवून, पुन्हा पुन्हा तालीम घेऊन शिकवावेही लागते.

गोन्साल्विस हाडाचे शिक्षक होते, हे त्यांच्या शिष्यांवरून दिसते. व्हायोलिन शिकायला त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत एक होता प्यारेलाल शर्मा, ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल ते हेच. दुसरा विद्यार्थी राहुल देव बर्मन. या दोघांच्या गाण्यांतले वाद्यवृंद आठवा. तंतुवाद्यांचा तो भरघोस वापर, चालीच्या मागे चालणारी दुसरी चाल. गुरूची विद्या शिष्यांच्या हातून लाखो कानांपर्यंत गेली ती अशी.

१९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी आपले स्वप्न प्रत्यक्षात आणले. ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ नावाने त्यांनी वाद्यवृंद उभा केला, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. जरा डोळ्यांसमोर आणा. धोबीतलावाजवळचे ते दगडी कॉलेज. ज्या भागात गोव्याची पोरे कुडीत पथारी टाकून राहत, त्याच भागात आता तीच मंडळी कुठल्याही चित्रपटासाठी नव्हे, तर स्वतःच्या संगीतासाठी वाद्ये जुळवून बसलेली. एरवी त्यांना प्रसंगाला शोभेल असे वाजवायचे असे. नायिका रडली की व्हायोलिनने रडायचे. त्या दिवशी मात्र प्रसंग हा रागच होता.

पण एका कार्यक्रमाने परंपरा उभी राहत नाही. मोठा वाद्यवृंद ही खर्चिक गोष्ट आहे. शंभर माणसे आठवड्यातून चार-पाच दिवस तालमीला यायची, तर त्यांच्या चुली कुणी पेटत्या ठेवायच्या? युरोपात हा भार नगरपालिका, राज्यसरकार किंवा नभोवाणी उचलते. लंडनच्या बी.बी.सी.ने १९३० मध्येच स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. आपल्याकडेही १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली ‘वाद्यवृंद’ स्थापन केला, पुढे पन्नालाल घोषही तिथे आले. ते काम मोलाचे झाले. पण त्याचा मार्ग निराळा होता. तिथे सतार, सरोद, बासरी अशा मुख्यतः आपल्या वाद्यांचा मेळा होता. मुंबईत गोन्साल्विस यांच्या वाटेवर चालणाऱ्याला असा कायमचा आधार नव्हता.

हा आधार असला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडून देतो. आयर्लंड हा आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलातून सुटलेला देश. तिथे लोकगीतांची आणि सारंगीसारख्या चढ-उतारांनी नटलेल्या एकट्या चालींची फार जुनी परंपरा आहे. तिथलीही परंपरा एकपदरी. स्वरमेळ बाहेरून आलेला. शॉन ओ रीआडा नावाच्या संगीतकाराने १९५९ मध्ये, म्हणजे झेवियर्सच्या कार्यक्रमानंतर अवघ्या वर्षाने, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरील ‘मिशा एरा’ या चित्रपटासाठी जुन्या लोकगीतांच्या चाली मोठ्या वाद्यवृंदावर बसवल्या. तो वाद्यवृंद तिथल्या सरकारी रेडिओचा होता. चित्रपट देशभर दाखवला गेला, संगीताचे ध्वनिमुद्रण झाले, आणि आपल्या आजीचे गाणे वाद्यवृंदात एवढे थोर वाटते हे साऱ्या देशाला कळले. ओ रीआडा १९७१ मध्ये चाळिशीतच वारले, पण वाट रुळली होती. १९८० मध्ये शॉन डेव्ही यांनी तिथल्या काखेत धरून भाता दाबत वाजवायच्या पाव्याला, ज्याला इलिन पाइप्स म्हणतात, वाद्यवृंदापुढे मुख्य वाद्य म्हणून मानाने बसवले. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने पुढे नेली. आपल्याकडे त्याच सुमारास तोच विचार करणारा माणूस होता. मागे उभे राहणारे मात्र नव्हते.

१९६५ च्या सुमारास गोन्साल्विस यांनी मुंबई सोडली. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्क राज्यात गेले. परत आले ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नव्हे, तर माजोर्ड्याच्या आपल्या घरी. तिथेच ते शांतपणे राहिले.

आणि मग एक गंमत घडली, पण तिला एक बोचरी कडाही आहे. १९७७ मध्ये मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यातल्या एका गाण्यात नायक अंड्यातून बाहेर येतो आणि आपले नाव सांगतो. ते नाव काय ठेवायचे असा प्रश्न निघाला, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव सुचवले. गुरुदक्षिणा म्हणायची तर अशी! देशातल्या पोराटोरांच्या तोंडी ते नाव गेले. पण ज्याचे ते नाव, तो माणूस कोण, त्याने काय केले, हे कुणी विचारले नाही. सगळ्यांना वाटले, असेच एखादे बनवलेले नाव असेल.

श्रोतेहो, असे एकट्या गोन्साल्विस यांच्याच वाट्याला आले असे नाही. आकाशवाणी सुरू होताना जी ओळखधून वाजे, ती तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चटकन गुणगुणून दाखवतील. तंबोऱ्याच्या झंकारावर हळूहळू उमलणारी ती व्हायोलिनची चाल शिवरंजनीच्या अंगाची. ती वॉल्टर कॉफमन यांनी रचली असे मानले जाते. कॉफमन हे मध्य युरोपातले ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये ते मुंबईत आले आणि नंतर आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. कोट्यवधी लोकांची सकाळ त्या सुरांनी उजाडली. त्यांतल्या किती जणांनी कॉफमन हे नाव ऐकले असेल? दोन संगीतांच्या सीमेवर उभे राहून काम करणाऱ्याचे पुष्कळदा असेच होते. इकडचे म्हणतात तो तिकडचा, तिकडचे म्हणतात तो इकडचा. आणि ‘हा आमचा’ असे म्हणायला कुणी पुढे येत नाही.

पण काम वाया जात नाही. १९७१ मध्ये पंडित रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंद यांच्यासाठी केलेला कॉन्चेर्तो लंडनमध्ये वाजला. मुंबईत २००६ मध्ये राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राच्या आश्रयाने कायमचा सिंफनी वाद्यवृंद उभा राहिला, आणि २०१५ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबल्यासाठी रचलेला ‘पेशकार’ हा कॉन्चेर्तो त्याच वाद्यवृंदाने सादर केला. ज्या शहरात १९५८ मध्ये एका गोवेकर वादकाने आपल्या उमेदीवर जुळवाजुळव केली, तिथे आता तबल्यामागे सबंध वाद्यवृंद उभा राहतो. गोन्साल्विस यांची आठवणही उशिरा का होईना, पण झाली. २०१० मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांचा गौरव करण्यात आला. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे गोव्यात निधन झाले.

यातून आपण काय घ्यायचे? खेड्यातल्या शाळेला वाद्यवृंद परवडणार नाही, हे उघड आहे. पण कान तयार करायला पैसे पडत नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, एखादे जुने चित्रपटगीत वर्गात लावा आणि मुलांना सांगा, की या वेळी गायिकेकडे लक्ष द्यायचे नाही. तिच्या मागे काय चालले आहे ते ऐका. पहिल्या खेपेला मुले म्हणतील, काहीच ऐकू येत नाही. दुसऱ्या खेपेला एखादा म्हणेल, बासरी आहे. चौथ्या खेपेला वर्गातली एखादी चिमुरडी सांगेल, ‘बाई, व्हायोलिन दुसरंच काहीतरी गातंय!’ त्या मुलीला स्वरमेळ कळला, असे खुशाल समजा.

पुढची पायरी म्हणजे वर सांगितलेला पेटीचा प्रयोग. आधी सा-ग-प, मग सारंग, मग प-नी-रे. एक तास पुरे. रागाला नियम का असतात आणि पाहुण्याने घरात कसे वागावे, हे दोन्ही धडे मुले त्या एका तासात शिकतील.

आणि तिसरी गोष्ट भजनी मंडळांसाठी, लग्नात वाजवणाऱ्या बँडसाठी आणि तारपा वाजवणाऱ्या आपल्या वारली बांधवांसाठी. तुमच्या गावात जी चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली, ती कुणाची, कुणाकडून आली, आज ती कुणाला येते, हे एका वहीत लिहून ठेवा. जमल्यास सुरांच्या अक्षरांत चालही लिहा. गोव्याच्या त्या मेस्त्र्यांनी पोरांना सूर लिहायला-वाचायला शिकवले, म्हणून माजोर्ड्याचा मुलगा सारंग राग घेऊन वाद्यवृंदापुढे उभा राहू शकला. लिहिलेली चाल दूरवर जाते. तिच्याबरोबर लिहिणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नावही जाईल, एवढी काळजी मात्र आपण घ्यायला हवी.